अकराची पेज, चारचं जेवण

"मुलगा तिसरीत आहे. न्यू जर्सीला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. दुपारी तो शाळेतच जेवतो. पण घरी आला की दप्तर खांद्यावर असतानाच फ्रीज उघडतो, आणि साडेचारपर्यंत ब्रेडचं अर्धं पाकीट गायब. शाळेत पोटभर देत नाहीत का? डबा सुरू करू? डिचोलीहून सासूबाई रोज व्हिडिओवर म्हणतात, पोर वाळलं. — मूळ गोव्यातल्या डिचोलीची एक आई"

बाय, पत्रात तू सगळं लिहिलंस, पण तो शाळेत किती वाजता जेवतो, तेवढं राहिलं.

हे मी उगाच विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी नातीकडे टेक्सासला पाच महिने राहिले. तिच्या शाळेत आजी-आजोबांना पैसे भरून मुलांबरोबर जेवता येतं, म्हणून एक दिवस गेले. घड्याळात दहा पन्नास झाले होते! फोंड्याला आमच्याकडे त्या वेळी पेजेचं भांडं चुलीवरून उतरतं, जेवणाची भाजी अजून चिरायचीच असते. तिथे कॅफेटेरिया एक आणि मुलं शेकड्यांनी, म्हणून पाळ्या लावतात, आणि लहान वर्गांना बहुधा पहिली पाळी येते. तीस मिनिटांची सुट्टी. त्यातली दहा रांगेत गेली, दोन-तीन दुधाचा खोका उघडण्यात, थोडी शेजारणीशी गप्पा मारण्यात. ताटात चिकनचे नगेट्स, एक पाव, गाजराचे तुकडे, सफरचंद आणि दूध. नातीने नगेट्स खाल्ले, पावाचा एक चावा घेतला, तेवढ्यात शिट्टी वाजली. गाजर आणि सफरचंद जसंच्या तसं कचऱ्याच्या पिंपात. माझा जीव नुसता चरफडला.

म्हणजे ताट लहान नव्हतं. सरकारी योजनेतल्या अमेरिकन शाळांना बालवाडी ते पाचवीच्या मुलांसाठी आठवड्याची सरासरी धरून रोज 550 ते 650 कॅलरींचं जेवण द्यावं लागतं. सहावी ते आठवीला 600 ते 700, नववीच्या पुढे 750 ते 850. आपल्या देशातल्या मध्यान्ह आहाराचा नियम प्राथमिकला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनांचा आहे. आकड्यांत पाहिलं तर तुझ्या मुलाचं ताट आपल्या गावच्या शाळेतल्या मुलापेक्षा मोठंच. पण गावच्या मुलाला शाळेत पाव-भाजी मिळते आणि दीडला शाळा सुटली की घरी भात आणि माशांचं हुमण वाट बघत असतं. तूही तशीच वाढलीस. मधल्या सुट्टीत उंड्याबरोबर, म्हणजे गोल पावाबरोबर, पातळभाजी खायची, खरं जेवण घरी. दुपारचं मुख्य जेवण शाळेत, ही गोष्टच आपल्या अंगवळणी नाही. म्हणून त्या ताटाकडून आपण भलतीच अपेक्षा करतो.

आणखी एक मेख आहे. तिथे ताटाचे पाच भाग मानतात: मांस किंवा त्याच्या बदली डाळ-अंडं-चीज, धान्य, फळ, भाजी आणि दूध. पुष्कळ शाळांत मुलाने पाचांतले निदान तीन उचलले की जेवण पुरं धरतात, फक्त त्यात एक फळ किंवा भाजी हवी. म्हणजे पिझ्झाचा तुकडा आणि सफरचंद घेऊन निघालेलं मूल नियमात बसतं, कारण पिझ्झ्यात धान्य आणि चीज दोन्ही आली. पैसे पुऱ्या ताटाचे, पोटात जातं अर्धंमुर्धं. आणि कॅलरींचा नियम बालवाडीच्या पाच वर्षांच्या मुलाला तोच, पाचवीतल्या अकरा वर्षांच्या मुलालाही तोच. तुझा आठ वर्षांचा आहे, त्याला सगळं खाल्लं तर पुरावं. दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहिलंस तर माझं उत्तर वेगळं असेल.

तेव्हा आठवडाभर त्याला "पोट भरलं का" असं विचारू नकोस. मुलं "हो" म्हणून मोकळी होतात. काय उचललंस आणि काय टाकलंस, एवढंच विचार. शाळेचा महिन्याचा मेनू बहुधा डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या विभागाच्या, संकेतस्थळावर असतो, तो फ्रीजवर लाव. दूध आवडत नसेल तर ते न घेता फळ आणि भाजी दोन्ही घे म्हणावं. काही शाळांत एक टेबल असतं, तिथे मुलं न उघडलेलं दूध, न खाल्लेलं फळ ठेवतात आणि हवं त्याने घ्यायचं. लाजू नकोस म्हणून सांग. दुसरं ताट मात्र फुकट मिळत नाही, पहिलं फुकट असलं तरी. त्याचे पैसे खात्यातून जातात आणि महिनाअखेरीस तुला कळतं.

माझं म्हणशील तर शाळेतल्या त्या खाण्याला पेज समज. अकराला पेज, मग चारला जेवण. खरंखुरं जेवण: वरण-भात, अंडं, कालचं हुमण गरम करून. ब्रेड आणि बिस्किटं तो खातो कारण हाताला तेवढंच लागतं. रात्री मग भूक कमी असेल, असू दे. आठला दोन घास आणि दूध चालतं. तो शाळा सुटल्यावर सहापर्यंत आफ्टरकेअरमध्ये, म्हणजे पाळणाघरासारख्या सोयीत, राहत असेल तर दप्तरात चपातीची गुंडाळी, केळं किंवा उकडलेलं अंडं टाक. घरचे काजू आणि शेंगदाणे मात्र नकोत. ॲलर्जीमुळे पुष्कळ शाळांत त्यांना बंदी असते, आणि आपण चिवड्यात ते नकळत घालतोच. नारळाचं काय, ते शाळेला विचारून घे.

डबाच द्यायचा असेल तर रोजचा हट्ट धरू नकोस. मेनूत त्याला न आवडणारं असेल त्या दिवशी दे, किंवा सोमवारी, घरात त्या दिवशी मांस-मासे वर्ज्य असतील तर. थर्मासमध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी ठेवून ते ओतून टाक, मग वाफाळता भात भर. कोमट भात तासन्‌तास ठेवलेला पोटाला बाधतो. मासे नकोत. ते मला आवडत नाहीत म्हणून नव्हे हो, मी शुक्रवारी इसवणाशिवाय जेवत नाही. पण झाकण उघडलं की आठ वर्षांच्या पोराला टेबलावर एकटं पडायला वेळ लागत नाही, आणि मग डबा न उघडताच परत येतो.

सासूबाईंचं राहिलं. व्हिडिओवर सगळीच पोरं वाळलेली दिसतात, माझी नातही दिसायची. त्याच्या डॉक्टरांकडे वजन-उंचीचा आलेख असतो, पुढच्या तपासणीला तो मागून घे. रेष नेहमीच्या वाटेने वर जात असेल तर त्याचाच फोटो काढून डिचोलीला पाठव. खाली सरकत असेल, किंवा चारला जेवूनही तो महिनाभर तसाच भुकेला राहत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर.