संशय गेला, पण विसरणं का जात नाही?

प्रश्न : माझे धाकटे दीर पाच वर्षांपूर्वी हापूसच्या कलमावरून पडले, डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, नंतर तसे बरे होते. पण दोन वर्षांपासून शेजाऱ्यांनी करणी केली, विहिरीत काहीतरी टाकलं असं बोलायला लागले, आवाजही ऐकू यायचे. गोळ्यांनी ते बरंच कमी झालंय. पण काम जमत नाही हो. पेटी भरायला बसले की खालचा थर लावून होतो आणि मोजलं की नाही तेच विसरतात, मग सगळी पेटी ओतून पुन्हा पहिल्यापासून! घरातले कामचुकार म्हणतात. गोळ्या वाढवाव्यात का?
– एक वहिनी, देवगड

उत्तर : ताई, आधी घरच्यांना सांगा, हा कामचुकारपणा अजिबात नाही. डोकं आपटलं की कपाळामागचा आणि कानांजवळचा मेंदू जास्त दुखावतो आणि लक्षात ठेवणं, एकापुढे एक काम लावणं हे बरंचसं तिथूनच चालतं. अशा दुखापतीनंतर सायकोसिस (म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय मनात पक्का बसणं) कधी कधी काही वर्षांनी सुरू होतो, त्यामुळे पडण्याशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. गोळ्या मुख्यतः संशयावर आणि आवाजांवर काम करतात, स्मरणशक्ती त्यांनी परत येत नाही, म्हणून डोस वाढवा असं मी म्हणणार नाही. उलट मार लागलेल्या मेंदूला साइड इफेक्ट लवकर होतात आणि हात थरथरू नयेत म्हणून जी वेगळी गोळी देतात (ट्रायहेक्सिफेनिडिल) तिनेही विसरणं वाढू शकतं. ती चालू आहे का बघा, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, मधेच टक लावून बघत राहणं, ओठ चाळवणं, नंतर थोडा वेळ गोंधळणं असं होतं का? ती फिट असू शकते, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढावा लागेल. दारू असेल तर पूर्ण बंद.

विसरण्यातूनही संशयाला खतपाणी मिळतं बरं का. कोयता कुठे ठेवला ते आठवत नाही, मग 'कुणीतरी नेला'. तेव्हा वाद घालू नका, कोयत्याची जागा ठरवून टाका. पेटीशेजारी पाटी ठेवा, डझन झाला की एक रेघ. एका वेळी एकच काम सांगा आणि एकानेच सांगा. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, फक्त गोळी चुकू देऊ नका.

स्मृती आणि लक्ष नेमकं कुठे अडतंय हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेऊन सांगतात, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. जाताना ऑपरेशनचे जुने कागद आणि सीटी स्कॅनची फिल्म न्याच, आणि सोबत घरचं कुणीतरी आत बसा, कारण आपलं काय चुकतंय हे या आजारात पेशंटला स्वतःला बरेचदा जाणवत नाही, एकटे गेले तर 'सगळं ठीक आहे' म्हणून परत येतील.