टेंपररी हिट पॉइंट्स वेगळेच लिहा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नवीन असाल, तर आधी एक करा: कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) टेंपररी म्हणजे तात्पुरत्या हिट पॉइंट्सचा आकडा मूळ हिट पॉइंट्समध्ये, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्या आकड्यात, कधीही मिळवू नका. तो वेगळ्या रकान्यातच राहू द्या. निम्मे घोळ तिथेच संपतात.

मार बसला की आधी टेंपररी पॉइंट्स जातात, उरलेला फटका मूळ पॉइंट्सना. समजा मूळ ३० आणि टेंपररी ८ आहेत, आणि ११ डॅमेज झालं. टेंपररी शून्य, मूळ २७. आता क्लेरिकने (जखमा भरणाऱ्या पुजारी पात्राने) बरं केलं तर मूळ आकडा वाढेल. गेलेले टेंपररी परत येणार नाहीत. मूळ पॉइंट्स पूर्ण भरलेले असले तरी टेंपररी घेता येतात, म्हणून ते लढाईआधीच घेऊन ठेवा.

ते एकमेकांत मिळवता मात्र येत नाहीत. तुमच्याकडे ८ असताना कोणी ५ दिले तर १३ होत नाहीत, ८ ठेवायचे की ५ हे तुम्ही ठरवायचं. बहुतेकदा मोठा आकडाच ठेवावा, पण आर्मर ऑफ अगॅथिससारख्या स्पेलचा (जादूमंत्राचा) परिणाम त्यानेच दिलेल्या टेंपररी पॉइंट्सवर टिकून असतो, तिथे विचार करून निवडा.

शून्यावर बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला टेंपररी पॉइंट्स देऊन तो उठत नाही, त्याला खरं हीलिंगच लागतं. आणि स्पेलकास्टर असाल तर हे नक्की लक्षात ठेवा: सगळा मार टेंपररी पॉइंट्सनी झेलला तरी कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (एकाग्रता टिकून चालू स्पेल राहतो का हे ठरवणारा फासा) टाकावाच लागतो. मुदत दिलेली नसेल तर टेंपररी पॉइंट्स संपेपर्यंत किंवा लाँग रेस्टपर्यंत (पात्राच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) टिकतात.