वाचक विचारतात : हाडांवर जगणारे गिधाड

प्रश्न : जूनमध्ये स्पितीला जात आहोत. दाढीवाले गिधाड कुठे बघावे, ओळखावे कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : किब्बर आणि चिचम या गावांच्या मधे खोल घळ आहे. तिच्या वरच्या कडेला, उन्हाकडे पाठ करून उभे राहा. हा पक्षी डोंगरउताराला चिकटून, पंख न हलवता वाऱ्यावर सरकतो. नुसते आभाळाकडे बघत बसलात तर तो खालून निघून जाईल.

रंगावर विसंबू नका, शेपूट बघा. हिमालयी गिधाडाचे पंख रुंद आणि शेपूट आखूड असते. याचे पंख लांब, निमुळते आणि शेपूट शंकरपाळ्याच्या आकाराची. पंखांचा पसारा अडीच ते पावणेतीन मीटर. पिल्लू गडद तपकिरी असते, मोठ्यांचा पिसारा यायला ५ ते ७ वर्षे लागतात. म्हणून पुष्कळ जण त्याला गरुड समजतात. छातीचा नारिंगी रंगही मूळचा नव्हे. पिसे पांढरट असतात, पक्षी लोहयुक्त गाळात अंग घासून ती रंगवतो.

अंडी हिवाळ्यात घातलेली असतात, त्यामुळे जूनमध्ये पिल्लू अजून कपारीत असू शकते. कड्याजवळ ड्रोन अजिबात उडवू नका.

प्रश्न : नुसती हाडे खाऊन पोट भरते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भरते. आहारात सुमारे ७० ते ९० टक्के हाडेच असतात. मटणाची नळी चोखणाऱ्याला कारण सांगायला नको : आत चरबी भरलेली असते. मांस दोन दिवसांत सडते, हाड महिनोन्‌महिने टिकते आणि त्यावर दुसरे गिधाड हक्क सांगत नाही. मेंढीच्या पायाची हाडे तर त्याला विशेष आवडतात.

लहान हाड ते अख्खेच गिळते. जठरातले आम्ल इतके तीव्र (पीएच १ च्या आसपास) की साधारण दिवसभरात हाड विरघळते. मोठे हाड पंजात धरून ५० ते ८० मीटरवरून उघड्या खडकावर सोडते, मग घिरट्या घेत खाली उतरून तुकडे उचलते. हाड गवतावर किंवा बर्फावर पडले तर फुटत नाही. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. हा नेम साधायला तरुण पक्ष्याला काही वर्षे लागतात. जोडी एकाच खडकावर येत राहते, म्हणून हाडांच्या ढलप्यांनी पांढरा पडलेला खडक दिसला की तिथेच थांबा.

प्रश्न : ते कोकरू उचलून नेते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. गरुडासारखी शिकारीची नखे त्याला नाहीत. आल्प्समध्ये याच गैरसमजातून बंदुका चालल्या आणि १९१३ च्या सुमारास तिथला शेवटचा पक्षी मारला गेला. १९८६ पासून ऑस्ट्रियात बंदिस्त जागी वाढवलेली पिल्ले साधारण ९० दिवसांची झाली की कड्यातल्या कपारीत ठेवू लागले. माणूस दिसणार नाही अशा बेताने अन्न टाकायचे, पुढे ती आपली आपण उडतात. १९९७ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये अशा जोडीचे पहिले पिल्लू घरट्यातून उडाले.