अभ्यासक्रमासाठी म्युझिक व्हिडिओ करायचा असेल, तर संशोधन आणि नियोजन कसे करावे?

तुमच्या प्रश्नातून मला कळलेली परिस्थिती अशी: चार जणांचा गट आहे, हातात सहा आठवडे, एक कॅमेरा आणि दोन फोन आहेत, आणि शिक्षकांना व्हिडिओबरोबर संशोधन व नियोजनाची लेखी नोंदही हवी आहे. वीसेक व्हिडिओ पाहून झाले, फाइल भरली, तरी नेमके काय चित्रित करायचे हे ठरत नाही. विद्यार्थी असताना मी असे तीन व्हिडिओ केले आणि पुढे संकलनाच्या कामात राहिल्यामुळे इतरांनी केलेले पुष्कळ व्हिडिओ माझ्या टेबलावर आले. त्यावरून सांगतो, तुमच्या गटाला कल्पनांचा तुटवडा नाही. जे पाहिले त्याला कोणी प्रश्न विचारलेला नाही. ज्या पाहणीने आराखड्यातली एकही ओळ बदलत नाही, तिने फक्त फाइलची जाडी वाढते.

गाणे अजून पक्के झाले नसेल, तर हक्कांचा विषय आधी संपवा. एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन निरनिराळे हक्क असतात, एक शब्द आणि चाल यांचा व दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, आणि बहुधा ते वेगवेगळ्या लोकांकडे असतात. म्हणूनच एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे शब्द मित्राकडून नव्याने गाऊन घेतले, तरी पहिला हक्क जागच्या जागीच राहतो. वर्गात दाखवण्यापुरती सवलत बऱ्याच ठिकाणी मिळते, परंतु तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की कंटेंट आयडी ही व्यवस्था त्यातला आवाज आपल्या साठ्याशी ताडून पाहते, आणि जुळला तर व्हिडिओ बंद करायचा की त्यावरचे जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे घ्यायचे, हे हक्कधारक ठरवतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले गाणे घेणारे विद्यार्थी एक गोष्ट हमखास विसरतात. ज्या परवान्यात ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’, म्हणजे रूपांतर करून वाटू नये, ही अट असते, ते गाणे म्युझिक व्हिडिओला चालत नाही, कारण संगीत हलत्या चित्राशी वेळेनुसार जुळवणे ही त्या परवान्यांच्या आताच्या मजकुरानुसार रूपांतरित कृती ठरते, मग तुम्ही एक सूरही बदललेला नसला तरी. माझे मत विचाराल, तर स्वतःची गाणी करणारा एखादा सहविद्यार्थी शोधावा आणि त्याच्याकडून, तसेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणी केले असल्यास त्याच्याकडूनही, कोणते गाणे, कुठे दाखवणार आणि किती काळ, एवढे लिहून घ्यावे. असा कलाकार शूटिंगच्या दिवशीही हजर असतो, हा फायदा लहान नाही.

आता मुख्य काम, म्हणजे गाणे कागदावर उतरवणे. हेडफोन लावून, समोर कोणतेही चित्र न ठेवता, ते आठ-दहा वेळा ऐका आणि त्याची लय मोजा. समजा मिनिटाला ९६ ठोके आहेत. मग एक ठोका ०.६२५ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचे एक आवर्तन, ज्याला बँडवाले बार म्हणतात, बरोबर अडीच सेकंदांचे झाले. तीन मिनिटे वीस सेकंदांचे, म्हणजे २०० सेकंदांचे गाणे असेल, तर त्यात अशी ८० आवर्तने बसतात. कागदावर ८० ओळी आखा आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा: किती सेकंदाला सुरू होते, शब्द कोणते आहेत, कोणती वाद्ये वाजत आहेत, आणि मागच्या आवर्तनापेक्षा काय बदलले. हे काम कंटाळवाणे आहे आणि गटातला प्रत्येक जण ते दुसऱ्यावर ढकलू पाहतो, परंतु चौघांनी ते वेगवेगळे करून मग एकत्र ताडून पाहावे असे मी सुचवीन, कारण चौघांना चार निराळ्या गोष्टी ऐकू येतात.

आमच्या दुसऱ्या व्हिडिओच्या वेळी झालेली गोष्ट सांगतो. गाण्याचा जोर वाढत जाऊन ध्रुवपद सुरू होते, तिथे आम्ही गच्चीवरून घेतलेला एक मोठा, दूरचा शॉट ठरवला होता. कागद भरत असताना गटातल्या एकीने ४१व्या आवर्तनापुढे, म्हणजे १ मिनिट ४० सेकंदांच्या ओळीत, लिहिले: ‘सगळी वाद्ये थांबतात, गायिका श्वास घेते.’ आम्ही ते गाणे पन्नासदा ऐकले होते, पण तो श्वास कोणी ऐकलेला नव्हता. एकदा ऐकल्यावर मात्र तिथे गच्ची ठेवणे शक्यच राहिले नाही. त्या जागी गळ्याचा आणि खांद्याचा अगदी जवळचा शॉट आला, आणि गच्ची पुढच्या आवर्तनावर गेली. संशोधन म्हणताना मला जे अभिप्रेत आहे ते हेच, आणि त्याला पुस्तकालयाची गरज पडली नव्हती.

८० ओळींचा हा नकाशा हातात आल्यावरच दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहायला बसा, आणि वीसऐवजी तीन निवडा. प्रत्येक व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहा, शॉट मोजा आणि लांबीला त्या संख्येने भागा. २०० सेकंदांत ८० शॉट असतील, तर सरासरी अडीच सेकंद येते. ही सरासरी मात्र फसवी असते, कारण त्याच व्हिडिओत ध्रुवपदातले शॉट एकेका सेकंदाचे आणि कडव्यातले सात-आठ सेकंदांचे असू शकतात, आणि खरा निर्णय त्या फरकात दडलेला असतो. म्हणून गाण्याच्या प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा मांडा. ठोक्या-ठोक्यावर काप मारला, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी घेतली, की व्हिडिओ आपोआप लयीत येतो, ही समजूतही याच मोजणीत गळून पडेल. काप काही वेळा ठोक्याच्या किंचित आधी येतो, काही वेळा अख्खे आवर्तन सोडून देतो, आणि सतत ठोक्यावर पडणारा काप अर्ध्या मिनिटात डोळ्यांना थकवतो.

शब्द आणि चित्र यांच्या नात्यासाठी माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली मांडलेले तीन प्रकार अभ्यासक्रमांत नेहमी शिकवले जातात. पहिल्यात गाणे जे सांगते तेच चित्र दाखवते, दुसऱ्यात चित्र गाण्यात नसलेले अर्थ जोडून त्याला वाढवते, आणि तिसऱ्यात चित्राचा गाण्याशी संबंध तुटलेला असतो किंवा ते त्याच्या विरुद्ध जाते. विद्यार्थी सहसा तीन व्हिडिओंना तीन नावे चिकटवून मोकळे होतात. त्याऐवजी ही नावे स्वतःच्या ८० ओळींवर लावून पाहा: कोणत्या ओळीला आपण शब्दाबरहुकूम चित्र देतो आहोत, आणि ते का? गाण्यात पाऊस म्हटला की पडद्यावर पाऊस, वाट म्हटली की वाट, असे सलग चार-पाच ठिकाणी सापडले, तर आळस झाला आहे असे खुशाल समजावे. नोंदीतले वाक्यही निर्णयाचे असावे. ‘दुसऱ्या व्हिडिओत पहिल्या ध्रुवपदापर्यंत गायिकेचा चेहरा दिसत नाही, आपण तो पहिल्याच शॉटमध्ये दाखवणार होतो, आता १९व्या आवर्तनावर दाखवू’ असे एक वाक्य दोन पानांच्या रसग्रहणापेक्षा शिक्षकांना अधिक सांगते.

प्रेक्षकांच्या पाहणीबद्दल थोडक्यात: आवडता रंग आणि आवडता प्रकार विचारणारी प्रश्नावली पन्नास जणांना पाठवण्यात वेळ घालवू नका. तिच्या उत्तरांवर कोणताही शॉट उभा राहत नाही.

कल्पना एका पानात लिहून काढा. सादरीकरण, कथा आणि निव्वळ दृश्यकल्पना हे तीन मार्ग वेगवेगळे किंवा मिसळून वापरता येतात. कथा असेल तर सव्वातीन मिनिटांत एकच बदल मावतो, उदाहरणार्थ कोणीतरी घरातून निघतो आणि शेवटी परत येतो किंवा येत नाही. भेट, प्रेम, भांडण, अपघात आणि पश्चात्ताप एवढे सगळे बसवू पाहणारा व्हिडिओ मी दर वर्षी पाहतो, आणि त्याच्या शेवटी बहुतेक वेळा कोणीतरी स्वप्नातून जागे होते.

पुढचा टप्पा अॅनिमॅटिकचा. प्रत्येक शॉटचे चित्र काढा, काटक्यांची माणसे असली तरी चालतील, फोनने त्यांचे फोटो घ्या आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याखाली ठरलेल्या सेकंदांवर ती मांडा. दोन संध्याकाळचे काम आहे, पण कागदावर न दिसणारी भोके त्यात लगेच दिसतात. मधल्या संगीताच्या पंचवीस सेकंदांसाठी आपल्याकडे काहीच नाही, हे शूटिंगच्या दिवशी कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे. हेच अॅनिमॅटिक गटाबाहेरच्या पाच जणांना दाखवा, मध्ये काही बोलू नका, आणि संपल्यावर त्यांना काय आठवते एवढेच विचारा. ही झाली तुमची प्रेक्षक-पाहणी.

आता प्लेबॅक, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी गायकासाठी गाणे वाजवणे, कारण इथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. पहिल्या व्हिडिओच्या वेळी गाण्याचे अंतिम मिश्रण तयार नव्हते, म्हणून आम्ही गायकाने पाठवलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून घेतले. ते ९८ ठोक्यांच्या लयीत होते आणि अंतिम गाणे ९६वर आले. दोन ठोक्यांचा फरक कानाला जाणवतही नाही, परंतु त्याच ३२० ठोक्यांना एका लयीत २०० सेकंद लागतात आणि दुसऱ्या लयीत सुमारे १९६. सलग घेतलेला टेक गाण्याच्या सुरुवातीशी जुळवला, तर शेवटाला ओठ चार सेकंद पुढे पळालेले असतात. संकलनात प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे सरकवून आम्ही निम्मे काम वाचवले आणि निम्मे पाठमोऱ्या शॉटखाली झाकले. तेव्हा अंतिम गाण्याची एकच वॅव्ह फाइल ठरवा, तिच्या नावात तारीख घाला, आणि नकाशा, अॅनिमॅटिक, प्लेबॅक व संकलन या चारही ठिकाणी तीच वापरा. प्लेबॅकच्या प्रतीत गाण्याआधी चार ठोके मोजून ठेवा, म्हणजे गायकाला सुरुवात पकडता येते. स्पीकर मोठा असावा, गायकाने खरोखर गावे, कारण नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा निवांत राहतात आणि ते कॅमेऱ्याला दिसते. कॅमेऱ्यावरचा आवाज कितीही खराब असला, तरी तो मुद्रित होऊ द्या, जुळवणीला त्याचाच आधार मिळतो. फोन वापरणार असाल, तर फ्रेमची संख्या स्थिर ठेवणारे अॅप घ्या. काही फोन प्रकाशानुसार ती कमीजास्त करतात आणि लांब टेकमध्ये ओठ हळूहळू निसटतात.

संथ गतीत गाणारा चेहरा हवा असेल, तर त्याचीही पूर्वतयारी लागते. सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित करून २५ने दाखवायचे असेल, तर प्लेबॅक दुप्पट वेगाने वाजवावा लागतो आणि गायकाला त्या वेगात शब्द म्हणावे लागतात; मग दाखवताना हालचाल निम्म्या गतीची दिसते, पण ओठ मूळ गाण्याशी जुळतात. पाहायला हे जादूसारखे असते आणि चित्रित करताना हास्यास्पद, म्हणून गायकाने घरी सराव केलेला असावा. शब्दांची दाटी असलेल्या कडव्याला हे जमत नाही, लांबवलेल्या सुरांना छान जमते.

लोकेशनची रेकी, म्हणजे आधी जाऊन केलेली पाहणी, दिवसाच्या शूटिंगच्याच वेळी करा, म्हणजे चार वाजता चित्रित करायचे असेल तर चार वाजताच जा. ऊन कोठून येते, जवळ कोणता आवाज किंवा रहदारी आहे, वीज कोठे मिळते, स्पीकर वाजवण्यावर कोण हरकत घेईल, हे तेव्हाच कळते. घरातल्या दिव्यांखाली फोनने दहा सेकंदांचे चित्रण करून पाहा. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद आणि ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवल्यावर लुकलुक बहुधा जाते. जागेच्या मालकाची परवानगी आणि कॅमेऱ्यासमोरच्या प्रत्येकाची संमती लेखी घ्या. कोणी अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते.

वेळेचा हिशेब विद्यार्थी नेहमी चुकवतात, आणि तो चुकतो गाण्याच्या लांबीमुळे. चार मांडण्या, प्रत्येकी तीन टेक, प्रत्येक टेक २०० सेकंदांचा, हे गुणले की ४० मिनिटे येतात आणि सगळ्यांना वाटते की दुपारपर्यंत उरकेल. प्रत्यक्षात एकेका मांडणीचा दिवा, कपडे आणि कॅमेरा लावायलाच तास जातो, म्हणजे एवढ्यातच दिवस संपला, आणि कथेच्या शॉटसाठी दुसरा दिवस लागणार. सहा आठवड्यांपैकी पहिले दोन गाणे आणि पाहणीला, तिसरा अॅनिमॅटिक व रेकीला, चौथा चित्रीकरणाला, आणि उरलेले दोन संकलनाला द्या. पाचव्या आठवड्यातला एक दिवस सर्वांनी मोकळा ठेवावा, कारण एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागतोच. कार्डवरचे चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसू नये, आणि हे काम एकाच व्यक्तीकडे नावानिशी असावे.

लेखी नोंदीसाठी वेगळे काही रचत बसू नका. पहिले आणि शेवटचे अॅनिमॅटिक शेजारी ठेवा, आणि ८० ओळींचा तोच कागद जोडून प्रत्येक बदलापुढे तारीख आणि तो कशामुळे झाला हे लिहा. आमच्या कागदावर ४१व्या ओळीपुढे तीनदा खोडलेले होते. शिक्षकांनी चर्चेला बोलावले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी त्याच ओळीवर बोट ठेवले.