ठाण्यात फ्लॅट बुक करून डब्लिनला यायचं का?

अगं, तू विचारलंयस की निघायच्या आधी घोडबंदरला लोन काढून २ बीएचके बुक करून ठेवावा का, आणि आयर्लंडमध्ये होम लोनवर लिमिट आहे म्हणतात त्याने भाव खरंच आटोक्यात राहतात का. मी मूळचा वर्तकनगरचा, आता डब्लिनमध्ये घर घेतलंय, आणि हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच सांगतो.

इथल्या सेंट्रल बँकेने २०१५ मध्ये नियम आणला. आज पहिलं घर घेणाऱ्याला वर्षाच्या ग्रॉस पगाराच्या चार पट कर्ज (२०२३ च्या आधी साडेतीन पटच होतं) आणि किमान १० टक्के स्वतःचे. म्हणजे तुम्हा दोघांचा मिळून ९०,००० युरो पगार धरला तर कर्ज ३ लाख ६० हजार, ४० हजार तुमचे, घर ४ लाखांचं. थोड्या केसेसमध्ये बँका वर जाऊ शकतात पण त्या भरवशावर राहू नकोस. आपल्याकडे रिझर्व्ह बँक किमतीच्या किती टक्के लोन द्यायचं ते ठरवते, पण पगाराच्या इतके पट असा आकडा नाही, बँक ईएमआय बसतो का बघते आणि नसेल बसत तर मुदत वाढवून बसवते.

भाव कसे थांबतात ते बोली लागते तेव्हा कळतं. इथे घराला बोली लागते, एजंटचा फोन येतो की समोरच्याने ५ हजार वाढवलेत, तुम्ही काय करताय? मग तू पण वाढवतेस, परत फोन. आम्ही बघितलेल्या एका घरासाठी मी शेवटी थांबलो कारण अप्रूव्हल लेटरवरचा (बँक जास्तीत जास्त किती कर्ज देईल ते लिहून देते, तो) आकडाच संपला होता, आणि समोरचं कपल पण तशाच लेटरवर लढत होतं. लिमिट नसतं तर दोघांच्याही बँकांनी अजून थोडं दिलं असतं, घर अजून महाग गेलं असतं, आणि शेजारच्या घराचा भाव त्यावरून ठरला असता. २००७ च्या आधी इथे हेच झालं, बँका १०० टक्के कर्ज द्यायला लागल्या होत्या, मग भाव निम्म्याहून जास्त पडले आणि लोकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं. २०१४ अखेरीस डब्लिनमध्ये वर्षाला २० टक्क्यांच्या वर वाढ चालू होती, नियम आल्यावर २०१५ अखेरीस ती ३ टक्क्यांच्या आत आली.

पण स्वस्त घर मिळेल असं समजून येऊ नकोस. लिमिटने घरं बांधली जात नाहीत, आणि इथे घरंच कमी आहेत, त्यामुळे २०२२ मध्ये देशभरातले सरासरी भाव २००७ च्याही वर गेले. भाडं भरून १० टक्के साठवणं फार जड जातं, एकट्या पगारावर तर खूपच. तरी मला हा नियम पटतो, निदान लोक झेपणार नाही इतक्या कर्जात बुडत नाहीत.

आता घोडबंदर. मला तुझी खरी काळजी इथेच वाटते. चार पट फक्त पहिलं घर घेणाऱ्याला, बाकीच्यांना साडेतीन, आणि भारतात घेतलेलं घर बँका सहसा मोजतात. त्याच ९०,००० वर कर्ज ३ लाख १५ हजारांवर येतं. शिवाय नवीन घरासाठी सरकार हेल्प टू बाय नावाच्या योजनेत ३० हजार युरोपर्यंत भरलेला टॅक्स परत देतं, त्यासाठी नवरा-बायको दोघंही फर्स्ट टाइम बायर लागतात, एकाच्या नावावर आधी घेतलेलं घर असलं तरी गेलं (वारशाने आलेलं चालतं). आणि ठाण्याचा ईएमआय इथे दर महिन्याच्या खर्चात धरतातच.

म्हणून टोकन दिलं नसेल तर देऊ नकोस. ते पैसे एफडीत ठेव, इथे आल्यावर भाडं कॅशने न देता अकाउंटमधूनच भर आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाक, कारण अर्जाच्या वेळी बँक सहा महिन्यांची स्टेटमेंट मागते आणि भाडं अधिक बचत मिळून हप्त्याएवढे होतात का तेच बघते.