बॉक्स किती खोल घ्यायचा?

मॉड्युलर स्विचचा कन्सील्ड, म्हणजे भिंतीत पुरायचा बॉक्स घेताना नुसते मॉड्युल (स्विच-सॉकेटच्या जागा) मोजू नका, बॉक्स किती खोल आहे तेही बघा. साध्या ६ अँपियरच्या स्विचना ४० मिमी पुरतो. १६ अँपियरचा सॉकेट, पंख्याचा रेग्युलेटर किंवा स्विचच्या मागे स्मार्ट मॉड्युल (मोबाइलवरून स्विच चालवणारं छोटं उपकरण) बसवायचं असेल तर मात्र ५० मिमीच घ्या, इथे काटकसर नको. एसीच्या पॉइंटची ४ स्क्वेअर मिमीची वायर ताठ असते. उथळ बॉक्समध्ये कोंबली की टर्मिनलवर (वायर जिथे स्क्रूने कसतात तिथे) ताण येतो, जोड सैल पडतो आणि सॉकेट तापून काळा होतो. चार इंची भिंतीत दोन्हीकडचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका. बॉक्सची कड तयार प्लास्टरच्या पातळीत ठेवा. पत्र्याच्या बॉक्सला अर्थिंगही जोडा, हे बरेच जण विसरतात.