राजीनामा देण्याआधी तो अर्ज दे

ताई, मी 24 वर्षांची. कोपरखैरण्यात राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. रविवारी दिघ्याच्या वस्तीत मुलांना शिकवते. तिथल्या एका 9 वर्षांच्या मुलीला जन्मदाखला नाही म्हणून शाळेने परत पाठवलं. मला रात्रभर झोप लागली नाही. नोकरी सोडून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण करावं, मुलांच्या हक्कांसाठी, जमलंच तर युनिसेफमध्ये काम करावं असं वाटतं. बाबा माथाडी होते, आता निवृत्त आहेत. घराचा हप्ता मी भरते, भाऊ बारावीला आहे. बाबा म्हणतात, "समाजसेवा पोट भरलेल्यांनी करावी." मी स्वार्थी आहे का?
– एक वाचक

अगं, स्वार्थी मुळीच नाहीस. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. त्या मुलीचं पुढे काय झालं?

वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. कलम 4 प्रमाणे तिला पहिलीत नव्हे, तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्यायचं. तिच्या आईला सोबत घे, शाळेत लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नकोस. "बघू" हे उत्तर नव्हे. तरीही ऐकलं नाही तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे नवी मुंबई महापालिकेकडे, तक्रार कर. त्यांना 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

तू जे काम करायचं म्हणतेस ते बरंचसं असंच असतं. मुलांबरोबर जातो त्याहून जास्त वेळ कचेरीच्या बाकावर जातो. पोलिसांना नोंद करायला लावायची, अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर नंबर लागायची वाट बघायची, एका दाखल्यासाठी खेटे घालायचे. एवढं करून मूल शाळेत बसतं आणि आईबाप दुसऱ्या साइटवर कामाला निघून जातात, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खूप माया असलेली, पण या खेट्यांनी खचून बाहेर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून म्हणते, हे एक प्रकरण शेवटपर्यंत ने. हे काम तुला झेपतं का, ते माझ्या सल्ल्यापेक्षा त्यातूनच नीट कळेल.

बाबांशी वाद घालू नकोस. हमालांची कीव करणारे पूर्वीही होतेच, पण कीव करून कुणाला प्रॉव्हिडंट फंड मिळाला नाही. अण्णासाहेब पाटलांनी माणसं संघटित केली, 1969 चा माथाडी कायदा आला, तेव्हा नोंदणी, माथाडी बोर्डातून मजुरी, ग्रॅच्युइटी हे सगळं आलं. त्याआधीचे दिवस बाबांनी टोळीतल्या जुन्या माणसांकडून नक्की ऐकले असतील. ते त्यांना विचार आणि मनापासून ऐक. मग सांग, की त्या मुलांच्या मागे कुणी संघटना नाही, म्हणून मला तिथे उभं राहायचंय. मला वाटतं, हे त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

पैशांची त्यांची काळजी मात्र खरी आहे. इथे पगार कमी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या बऱ्याच जागा कंत्राटी. एमएसडब्ल्यू 2 वर्षांचं. देवनारची टाटा इन्स्टिट्यूट, चर्चगेटचं निर्मला निकेतन, दोन्हीकडे घरून जाता येईल, पण तेवढे महिने हप्ता कुठून भरायचा? भावाचं बारावीचं वर्ष पार पडू दे, तोवर दरमहा काहीतरी बाजूला टाक. मला विचारशील तर 3 वर्षांच्या एलएलबीचाही विचार कर. मुलांचे कायदे नीट जाणणारी माणसं या कामाला फार हवी आहेत. युनिसेफचं नंतर बघू, तिथेही वस्तीतल्या कामाचा अनुभव उपयोगीच पडेल. फॉर्म भरण्याआधी कर्जाचे कागद घेऊन एका संध्याकाळी बाबांसोबत बस आणि हिशेब त्यांच्याच हाताने मांडून घे.